चाकांवरचे जुने घर आणि त्याची निगा



लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात : उतरणार कोठे, आणि जेवणाचे काय? आज ज्या वाहनाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याच्या मालकाला हे दोन्ही प्रश्न पडत नाहीत. अंथरूण-पांघरूण, शेगडी, पाण्याची टाकी, भांड्यांचे फडताळ असे सारे बिऱ्हाड त्याच्या पाठीशीच असते. मात्र त्यांच्या बदल्यात एक तिसराच प्रश्न त्याला रोज सकाळी पडतो : आज गाडीची तब्येत कशी आहे? हा प्रश्न जो टाळतो, त्याला पहिले दोन्ही प्रश्न रस्त्याच्या कडेला, आणि बहुधा अवेळी, पुन्हा येऊन भेटतात.

मोटारीतच निजण्याची व रांधण्याची सोय असलेल्या वाहनाला मोटरहोम किंवा कॅम्पर म्हणतात. अशी वाहने अनेक देशांत अनेक प्रकारची झाली. त्या सर्वांचा आढावा घेऊ लागलो तर नावांची नुसती यादी होईल आणि हाती काही लागणार नाही. म्हणून आम्ही एकच उदाहरण घेणार आहोत. ते म्हणजे जर्मनीतील फोक्सवॅगनची पेटीच्या आकाराची छोटी बस, जिला कारखान्यात ‘टाइप २’ म्हणत आणि पुढे पुष्कळ देशांत लोक ‘कोंबी’ म्हणू लागले. ती निवडण्याचे कारण असे की, तिची रचना सामान्य माणसाला समजण्याइतकी साधी आहे. आणि दुसरे असे की, ती एके काळी रस्त्याने चालत आपल्या दारापर्यंत आली होती.

तिची जन्मकथा थोडक्यात सांगतो. डच व्यापारी बेन पोन याने वोल्फ्सबुर्ग येथील कारखान्यात सामान वाहणारी एक साधी, सपाट गाडी पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या टिपणवहीत एका पेटीवजा मोटारीचे ओबडधोबड चित्र काढले. चालक पुढे, इंजिन मागे, आणि मधली सारी जागा मोकळी, एवढीच त्यातली कल्पना होती. मार्च १९५० मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. इंजिन होते ११३१ घन सेंटिमीटरचे आणि शक्ती अवघी २५ अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या संस्थेने तिच्यात बसवता येईल असे निजण्या-रांधण्याचे सामान तयार केले. ही संस्था १८४४ मध्ये एक लोहारशाळा म्हणून सुरू झाली होती आणि तिने पूर्वी घोडागाड्याही बनवल्या होत्या. १९६७ च्या ऑगस्टमध्ये बसचे दुसरे रूप आले. त्याला पुढे एकसंध मोठी काच होती आणि इंजिन १६०० घन सेंटिमीटरचे, ४७ अश्वशक्तीचे होते. हे रूप जर्मनीत १९७९ पर्यंत आणि ब्राझीलमध्ये, काही फेरफारांसह, २०१३ च्या अखेरपर्यंत निघत राहिले.

याच गाड्यांतून १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातील शेकडो तरुण इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर खिंड, लाहोर या मार्गाने हिंदुस्थानात येत. दिल्लीहून काही काठमांडूकडे वळत, काही गोव्यातील कळंगुट-हणजूणच्या किनाऱ्यावर मुक्काम ठोकत. १९७९ मध्ये इराणात राज्यक्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि हा रस्ता बंद पडला. लंडनहून दिल्ली रस्त्याने दहा हजार किलोमीटरांच्या आसपास आहे. आता असे पहा की, या गाडीचे इंजिन-ऑइल दर ५००० किलोमीटरांना बदलावे असा नियम आहे. म्हणजे केवळ एकेरी प्रवासात दोनदा आणि जाऊन-येऊन चारदा ते काम वाटेतच करणे भाग होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लहान सहलीत गाडीची निगा घरी राखता येते. लांबच्या प्रवासात ती प्रवासाच्याच दिनक्रमात बसवावी लागते.

आता या यंत्राच्या अंतरंगात शिरू. आमच्या मते जुन्या गाडीचे बिघाड दोन जातींचे असतात. काही बिघाड बोलके असतात : ते दिवा लावतात, आवाज करतात, गाडी उभी करतात. काही बिघाड मुके असतात : ते होत असताना काहीच कळत नाही, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. बोलक्या बिघाडांसाठी सावध कान आणि थोडे सुटे सामान पुरते. मुक्या बिघाडांसाठी वेळापत्रक लागते. आजच्या आमच्या सांगण्याचे सार एवढेच आहे. पुढील सारे विवेचन हे त्याचे स्पष्टीकरण समजावे.

बोलक्या बिघाडाचे उत्तम उदाहरण म्हणजे पंख्याचा पट्टा. या इंजिनात पाणी नाही, रेडिएटरही नाही. ते मोटरसायकलप्रमाणे हवेने थंड होते. पण मोटरसायकलचे इंजिन उघड्या वाऱ्यात असते, हे मात्र गाडीच्या पाठीमागे बंद कप्प्यात बसवलेले असते. म्हणून एक मोठा पंखा पत्र्याच्या आवरणातून चारही सिलिंडरांवर हवा ढकलतो. हा पंखा डायनामोच्या दांड्यावरच बसवलेला असून दोघांना मिळून एकच रबरी पट्टा फिरवतो. पट्टा तुटला की डायनामो थांबतो आणि चालकासमोर लाल दिवा लागतो. अननुभवी मनुष्य म्हणतो, “बॅटरी भरत नाही एवढेच, पुढच्या गावापर्यंत जाऊ.” येथेच घात होतो. डायनामोबरोबर पंखाही थांबलेला असतो, आणि पंख्याविना हे इंजिन काही मिनिटांत जळण्याच्या बेताला येते. लाल दिवा लागताच गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे व नवा पट्टा चढवावा. हाताशी पाना आणि पट्टा असेल तर पाऊण तासाच्या आत माणूस चहा पिऊन पुन्हा वाटेला लागतो. पट्टा फार ढिला असला तर घसरतो, फार ताठ असला तर डायनामोचे बेअरिंग खातो. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो सुमारे अर्धा इंच आत जावा, हे त्याचे प्रमाण.

पंख्याची गती इंजिनाच्या गतीवरच अवलंबून असते, या साध्या गोष्टीतून चढ चढण्याचा नियमही निघतो. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी कण्हत-कुंथत नेली, की इंजिनावर भार जास्त आणि पंख्याची गती कमी, अशी उलटी स्थिती होते. पेट्रोल वाचवले असे चालकाला वाटते. प्रत्यक्षात तो सिलिंडर भाजत असतो. म्हणून वेळीच खालचा गिअर टाकावा, इंजिन मोकळेपणाने फिरू द्यावे आणि मागून येणाऱ्यांना पुढे जाऊ द्यावे. एर्झुरुम किंवा काबूलसारख्या अठराशे-एकोणीसशे मीटर उंचीच्या गावी तर हवाच विरळ असते. तेथे इंजिनाची शक्ती सुमारे सहाव्या हिश्श्याने घटते, म्हणजे ४७ अश्वशक्तीची गाडी चाळिशीच्या आसपास येते. तेथे घाई करणाऱ्याला यंत्र दाद देत नाही. इंजिनाच्या कप्प्याभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या जागच्या जागी असणेही तितकेच महत्त्वाचे आहे. त्या दिसायला निरुपयोगी वाटतात म्हणून काही लोक काढून टाकतात. मग खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा इंजिनावर फेकतो.

आता मुक्या बिघाडांकडे वळू. त्यांत पहिला मान व्हॉल्व्हचा. इंजिनात आठ व्हॉल्व्ह असतात. चार हवा-पेट्रोल आत घेण्यासाठी, चार जळका वायू बाहेर सोडण्यासाठी. प्रत्येक व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा आडवा दांडा यांमध्ये, इंजिन पूर्ण थंड असताना, ०.१५ मिलिमीटरची फट ठेवावयाची असते. म्हणजे साध्या पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी. आपले फिटर लोक या कामाला टॅपेट बसवणे म्हणतात. फट वाढली तर शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू येते, मालकाला काळजी वाटते आणि तो गाडी दाखवतो. ही स्थिती तशी फार धोक्याची नाही. पण सतत तापण्याने बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी हळूहळू ताणली जाते, त्याची बैठकही झिजते, आणि फट वाढण्याऐवजी कमी होऊ लागते. टिकटिक बंद होते. इंजिन पूर्वीपेक्षा शांत चालते, आणि मालक खूष होतो!

खरी गोष्ट अशी असते की, फट संपल्यामुळे तो व्हॉल्व्ह आता पूर्ण मिटत नाही. मिटलेल्या अवस्थेत बैठकीला टेकूनच तो आपली उष्णता बाहेर टाकत असतो. तेवढी उसंतही त्याला मिळेनाशी होते. अखेर त्याची कड जळते, नाहीतर त्याचे डोके तुटून पिस्टनवर पडते आणि इंजिनाचा चुराडा होतो. जुन्या रचनेत हे संकट तिसऱ्या सिलिंडरवर विशेषेकरून येई. कारण ऑइल थंड करणारी जाळी नेमकी त्याच्या वाटेत असल्यामुळे त्याला आधीच तापलेली हवा मिळे. १९७१ च्या नमुन्यापासून त्या जाळीला वेगळी वाट काढून देण्यात आली आणि ही अडचण बरीच कमी झाली. तात्पर्य, टिकटिक ऐकून घाबरू नये. पण ती आपोआप थांबली तर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडावे. सकाळीच का, तर इंजिन रात्रभर थंड झालेले असते आणि खरे माप तेव्हाच मिळते. दर ५००० किलोमीटरांना हे काम करावे. पाना, पेचकस आणि पातळ पोलादी पात्यांचे फिलर गेज एवढ्या सामानावर ते होते, आणि सवय झाल्यावर तासाभरात उरकते.

दुसरे मुके प्रकरण ऑइलचे. या इंजिनात ऑइल फक्त अडीच लिटर मावते. ते घर्षण कमी करतेच, शिवाय उष्णता वाहून नेण्याचे कामही करते. आजच्या मोटारींत असते तसे बदलता येणारे कागदी फिल्टर त्यात नाही. खाली केवळ तारेची जाळी असते. ती मोठा कचरा अडवते, बारीक धूळ अडवत नाही. म्हणून मळलेले ऑइल काढून टाकणे हाच तेथे गाळण्याचा खरा मार्ग होय. रोज सकाळी, सपाट जागी, इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक काढून पातळी पाहावी. धुळीच्या मुलुखातून जाताना हवा गाळणाऱ्या भांड्याकडेही लक्ष ठेवावे. जुन्या गाड्यांत त्याच्या तळाशी ऑइल असते आणि धूळ त्यात बसून चिखल होतो.

तिसरे प्रकरण ब्रेकचे. आणि येथे यंत्राचा नव्हे, माणसांचा जीव पणाला लागतो. ब्रेकचे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. साधे, डॉट ३ प्रतीचे नवे ब्रेक-ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ओलावा शोषल्यावर ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. गावात, सपाटीवर, हा फरक कधी जाणवणार नाही. मात्र भरल्या गाडीने लांब उतार उतरताना पायाखालचा ब्रेक तापत जातो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी तळाला जाते. ऑगस्ट १९७० पूर्वीच्या बसला तर चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रमच होते. म्हणून दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे, मग गाडी चाललेली असो वा नुसती उभी असो. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा आपल्याकडच्या जुन्या ट्रक-चालकांचा नियम येथेही तंतोतंत पाळावा. टायरांचेही असेच आहे. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण रबर म्हातारे होते. नक्षी शाबूत आहे म्हणून दहा वर्षांच्या टायरवर बिऱ्हाड लादणे हा काटकसरीचा चुकीचा अर्थ होय.

चौथे प्रकरण सर्वांत गंभीर आहे. पेट्रोलची टाकी आणि इंजिन दोन्ही गाडीच्या मागच्या भागात शेजारी-शेजारी असतात आणि त्यांना जोडणाऱ्या नळीचे काही तुकडे रबरी असतात. उष्णतेने हे रबर कडक होते, त्याला भेगा पडतात, आणि पेट्रोलचे थेंब तापलेल्या इंजिनावर पडू लागतात. आजकाल पुष्कळ देशांत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. या इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे. तो धातू पेटला की विझवणे अतिशय कठीण, आणि त्यावर पाणी ओतले तर आग उलट भडकते. जुन्या कोंबी गाड्या पुष्कळ ठिकाणी अशा आगींत गेल्या आहेत. अशा वेळी पहिले काम गाडी वाचवण्याचे नव्हे, आतल्या माणसांना बाहेर काढून दूर नेण्याचे. त्या नळीचा हातभर तुकडा मात्र किरकोळ किमतीत मिळतो. प्रवासाला निघण्यापूर्वी सर्व नळ्या आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या घालाव्यात, पकडी आवळाव्यात आणि कोरड्या पावडरीचे अग्निशामक दाराजवळ टांगावे. मागे, सामानाखाली नव्हे.

याच जातीचा आणखी एक धोका निद्रिस्त माणसाला असतो. या गाडीत ऊब आणण्यासाठी एक्झॉस्टच्या नळीभोवतालच्या पेट्यांतून गरम हवा आत घेतली जाते. त्या पेट्या आतून गंजल्या तर हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसची शेगडी दारे-खिडक्या लावून पेटती ठेवली तरी तोच परिणाम होऊ शकतो. घरगुती गॅस हवेहून जड असल्यामुळे गळती झाली तर तो तळाशी साचतो. यास्तव शेगडीचा उपयोग ऊब घेण्यासाठी कधीही करू नये, निजताना सिलिंडरची तोटी बंद करावी, एखादी खिडकी किलकिली ठेवावी, आणि हा वायू ओळखून घंटा वाजवणारे छोटे उपकरण मिळते, ते बसवावे. जो धोका मुका आहे, त्याला असा आवाज मिळवून देणे शहाणपणाचे.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, ही गाडी आहे की दुखणेकऱ्याची खोली? तसे नाही. आम्ही जी कामे सांगितली ती एकत्र केली तर दिवसाची दहा मिनिटे आणि दीड-दोन महिन्यांतून एक सकाळ एवढाच हिशेब होतो. सकाळी ऑइल, पट्टा, टायर पाहावे आणि गाडीखालच्या जमिनीवर काही ठिपका पडला आहे का ते पाहावे; वाटेत पेट्रोल भरताना मागचे झाकण उघडून नळीजवळ हुंगावे; रात्री थांबल्यावर त्या दिवशीचे अंतर, पेट्रोल व नवा आवाज वहीत टिपावा. ही वही म्हणजे गाडीची जन्मपत्रिकाच नव्हे, तर रोजनिशी होय. ऑइल दर हजार किलोमीटरांना किती लागते हे ज्याने लिहून ठेवले, त्यालाच ते वाढल्याचे कळते.

सुट्या सामानाचीही मर्यादा ठेवावी. पट्टा, प्लग, पॉइंट व कंडेन्सर, फ्यूज, नळीचा तुकडा, दोन लिटर ऑइल, क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार, एवढे पुरे. पेडल अगदी पुढे आणि इंजिन अगदी मागे असल्यामुळे या तारा गाडीच्या संपूर्ण लांबीच्या असतात. त्या आडगावात मिळत नाहीत. क्लचची तार तुटली तरी, रस्ता मोकळा असेल तर, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकावा व स्टार्टर फिरवावा. गाडी हलते आणि हळूहळू गावापर्यंत नेता येते. उलट, सारे इंजिनच बदलता येईल इतके सामान बरोबर घेणारा मनुष्य मागच्या चाकांवर भार वाढवतो आणि ज्या बिघाडाला भितो तोच ओढवून घेतो.

१९६९ मध्ये अमेरिकेत जॉन म्युर या इंजिनिअराने फोक्सवॅगनच्या निगेवर एक पुस्तक लिहिले. ज्याने कधी पाना हाती धरला नाही त्याच्यासाठी ते मुद्दाम लिहिले होते, आणि त्याच्या आधारे असंख्य लोकांनी आपल्या गाड्या स्वतः दुरुस्त केल्या. हे शक्य झाले याचे कारण, ती गाडीच उघडता येण्याजोगी बांधलेली होती. पन्नास-साठ वर्षांनंतरही अशा गाड्या रस्त्यावर दिसतात त्या केवळ लोखंड चांगले होते म्हणून नव्हे. त्यांचा मालक आत काय चालले आहे ते पाहू शकत होता, आणि पाहत होता, म्हणून त्या राहिल्या. या मोकळेपणाची किंमतही आहे. ताशी ८० ते ९० किलोमीटर हा तिचा सुखाचा वेग. सपाट तोंडामुळे समोरचा वारा तिला अडवतो, बाजूचा वारा ढकलतो. अपघातात आजच्या गाडीइतके संरक्षण ती देत नाही, कारण चालकाचे गुडघे आणि समोरचा रस्ता यांमध्ये फारसे काही नसते. हे मान्य करूनच तिच्यात बसावे, आणि वेगाचा मोह टाळावा.

आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. मात्र तशी नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, नित्याच्या वापरासाठी नव्हे. तेव्हा अशी गाडी घेण्याची हौस असलेल्यांनी आधी नोंदणीचा विचार करावा, मग रंगाचा.

शेवटी एवढेच सांगतो. जुन्या गाडीत मुलाबाळांना घेऊन लांब जावे की नाही, असा प्रश्न या विषयावर बोलताना हटकून येतो. गाडीचे वय विचारून त्याचे उत्तर देता येणार नाही. ब्रेकचे ऑइल शेवटी केव्हा बदलले, पेट्रोलच्या नळ्या केव्हा घातल्या, टॅपेट केव्हा पाहिले, टायर कोणत्या सालचे आहेत, हे मालकाला वही उघडून सांगता आले, तर खुशाल निघावे. “चालते आहे ना, मग कशाला हात लावता?” असे तो म्हणाला, तर त्या गाडीतून गावच्या बाजारापर्यंतही जाऊ नये.